बरासी रेषेच्या अल्याड-पल्याड

न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ईडन नावाचे लहानसे बंदर आहे. तिथे पेन्सिल टेकवावी, कॅनबेरावरून ती ब्रोकन हिलकडे न्यावी, पुढे वाळवंटाच्या कडेच्या बर्ड्सव्हिलवरून वर चढवत थेट उत्तर टोकाच्या मॅनिंग्रिडापर्यंत ओढावी. ही झाली बरासी रेषा. सरकारी नकाशात ती सापडणार नाही. १९७८ साली मोनॅश विद्यापीठातले इतिहासकार इयन टर्नर यांनी एका व्याख्यानात ती ओढली. व्याख्यानमालेचे नाव होते ‘रॉन बरासी स्मृती व्याख्यान’. गंमत अशी, की हे रॉन बरासी तेव्हा चांगले हयात होते, एका संघाचे प्रशिक्षक होते आणि पुढे २०२३ पर्यंत जगले. टर्नर मात्र त्याच वर्षी गेले. थट्टेत ओढलेली ती रेषा आज समाजशास्त्राच्या लेखांत, क्रीडा संघटनांच्या बैठकांत आणि अधूनमधून निवडणुकीच्या चर्चेतही गंभीरपणे उच्चारली जाते.

रेषेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, म्हणजे व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात, हिवाळा ऑस्ट्रेलियन रूल्सचा. पूर्वेला, म्हणजे सिडनी आणि ब्रिस्बेनकडे, तो रग्बीचा. ढोबळ मानाने देशाची वस्ती या रेषेने जवळजवळ अर्धी-अर्धी कापली जाते. ‘फुटी’ हा शब्द दोन्हीकडे आहे, अर्थ निराळा. मेलबर्नमध्ये मी सात वर्षे राहिलो, तिथे फुटी म्हणजे अंडाकृती मैदानावर अठरा-अठरा जणांनी खेळायचा, उंच झेपावून चेंडू झेलायचा खेळ. नंतर नोकरी सिडनीत गेली आणि पॅरामॅटाजवळ बिऱ्हाड केले. तिथे पहिल्याच आठवड्यात फुटीची तिकिटे आहेत म्हणून एक सहकारी घेऊन गेला, तर समोर आयताकृती मैदान आणि तेरा-तेरा जणांची रग्बी लीग. ‘फुटबॉल’ हा शब्द तर त्याहून वादग्रस्त. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथे बहुतेक लोक सॉकर म्हणतात, आणि त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये आपल्या नावात ‘फुटबॉल’ हा शब्द घेतला तेव्हा बाकीच्यांच्या भुवया उंचावल्या होत्या.

चौथा भिडू म्हणजे रग्बी युनियन. पंधरा-पंधरा जणांचा हा खेळ खासगी शाळांतून वाढला. अडीच-पावणेतीन कोटी वस्तीच्या देशात एकाच मोसमात चार व्यावसायिक फुटबॉल नांदतात. जगात याला दुसरी तोड मला तरी माहीत नाही.

आपल्याकडेही एकाच खेळाची अनेक रूपे होती. हुतूतू, चेडुगुडू अशी नावे, संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार. पण नियम एक करून आपण त्यातून कबड्डी घडवली आणि बाकीचे प्रकार हळूहळू आठवणीत गेले. ऑस्ट्रेलियात तसे झाले नाही. का झाले नाही, आणि न झाल्यामुळे कोणाचे काय गेले, हा या लेखाचा विषय आहे.

गोष्ट क्रिकेटपासून सुरू होते. टॉम विल्स हा मेलबर्नचा नामांकित क्रिकेटपटू. इंग्लंडातल्या रग्बी शाळेत शिकून आलेला. १८५८ च्या जुलैमध्ये त्याने एका साप्ताहिकाला पत्र लिहिले : हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, अंग जड होते, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढावा. १७ मे १८५९ रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी, विल्स त्यांतलाच एक, दहा नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम १८६३ चे, म्हणजे मेलबर्नचा नियमग्रंथ त्याहून चार वर्षांनी थोरला. रग्बी शाळेतली नडगीवर लाथ मारण्याची पद्धत यांनी वगळली. कारण व्यवहारी होते : खेळणारे शाळकरी पोरे नव्हते, सोमवारी कामावर जाणारी माणसे होती, आणि मेलबर्नची जमीन इंग्लंडच्या हिरवळीसारखी मऊ नव्हती.

विल्सचे आयुष्य ही एका स्वतंत्र लेखाची सामग्री आहे. १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये त्याच्या वडिलांसह एकोणीस जणांची आदिवासींनी हत्या केली, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी याच माणसाने आदिवासी क्रिकेटपटूंचा संघ तयार करून १८६६ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, उतरवला. त्या संघात जॉनी मुल्लाघ होता. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत आपल्या अजिंक्य रहाणेने शतक ठोकून सामनावीराचे जे पदक घेतले ते याच मुल्लाघच्या नावाचे, आणि ते मिळवणारा रहाणे पहिला. पदक गळ्यात पडताना आपण सगळ्यांनी पाहिले. ज्या मैदानावर ते पडले त्या मैदानाचा हिवाळा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. विल्सने हा खेळ आदिवासींच्या ‘मार्नग्रूक’वरून उचलला असेही एक मत आहे. तो लहानपणी आदिवासी मुलांत वाढला हे खरे, पण थेट पुरावा नाही, आणि इतिहासकारांत यावर कडाक्याचे वाद आहेत.

व्हिक्टोरिया १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळे झाले. त्याच वर्षी तिथे सोने सापडले आणि मेलबर्न सिडनीला डोईजड झाले. ‘व्हिक्टोरियन रूल्स’ या नावाचा खेळ सिडनीकरांच्या पचनी पडणे कठीणच होते. १८७७ मध्ये मेलबर्नचा कार्लटन क्लब सिडनीच्या वाराटा क्लबशी खेळायला गेला. दोन सामने ठरले, एक रग्बीच्या नियमांनी, एक व्हिक्टोरियाच्या. पहिला वाराटाने जिंकला, दुसरा कार्लटनने. दोन्ही पक्षांना आपलाच खेळ श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळाला! ब्रिस्बेनमध्ये सुरुवातीला मेलबर्नच्या खेळाचा जोर होता. पण १८८२ मध्ये क्वीन्सलँडचा संघ सिडनीला जाऊन न्यू साउथ वेल्सशी रग्बी खेळला आणि तिथून पारडे फिरले. शेजाऱ्याशी सामना व्हायचा तर शेजाऱ्याचा खेळ शिकावा लागतो, एवढे साधे ते गणित.

याच सुमारास रेल्वेचेही तेच झाले. व्हिक्टोरियाचे रूळ सव्वापाच फुटांचे, न्यू साउथ वेल्सचे चार फूट साडेआठ इंचांचे. सीमेवरच्या ऑल्बरी स्टेशनात मध्यरात्री उतरून गाडी बदलण्याचा ताप प्रवाशांना १९६२ पर्यंत सोसावा लागला. रूळ अखेर जुळले.

सिडनीत रग्बीच्याच पोटातून दुसरी रग्बी निघाली, आणि तिचे कारण पोटाशीच निगडित होते. रग्बी युनियन हौशी खेळाडूंची म्हणवत असे. सामन्यांना हजारो लोक तिकीट काढून येत, पैसा संघटनेच्या तिजोरीत जाई आणि खेळणारा गोदी कामगार जायबंदी झाला तर त्याचा बुडालेला रोज कोणी भरून देत नसे. १९०७ मध्ये अ‍ॅलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा दुखावला आणि भरपाई मिळाली नाही. हे निमित्त झाले. इंग्लंडात अशीच फाटाफूट १८९५ मध्ये झाली होती. सिडनीतल्या बंडखोरांच्या बैठका ज्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात होत, त्याचे नाव क्रिकेट वाचणाऱ्या कोणाही मराठी माणसाला परके नाही : व्हिक्टर ट्रंपर. तो नव्या रग्बी लीगचा पहिला खजिनदार. १९०८ मध्ये सिडनीच्या वस्त्यावस्त्यांच्या संघांची लीग सुरू झाली. सुताराचा, खाटकाचा, बंदरावरच्या हमालाचा खेळ म्हणून लीग. वकील-डॉक्टरांचा खेळ म्हणून युनियन. ही वर्गाची भेग आजही पुरती बुजलेली नाही.

दोन खेळ जुळवून एक करण्याचे प्रयत्नही झाले. ऑस्ट्रेलियन रूल्स आणि रग्बी लीग यांची सांधेजोड करून ‘युनिव्हर्सल फुटबॉल’ काढावा असा घाट पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घातला गेला. युद्धाने तो मोडला. १९३३ मध्ये पुन्हा उचल खाल्ली, सिडनीत चाचणीचा सामनाही झाला. पण कोणाचा चेंडूफेक ठेवायचा, कोणाचा ऑफसाइड टाकायचा यावर घोडे अडले. माझ्या मते अडले ते बरे झाले. अशा तडजोडीतून जो खेळ निघतो त्याला नियम असतात, आजोबा नसतात.

आता गर्दीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलवाल्यांना गर्दीचे आकडे तोंडपाठ असतात, आपल्याकडे जुन्या नाट्यरसिकांना प्रयोगांचे असतात तसे. १९७० च्या अंतिम सामन्यात, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक होते. मेलबर्नची लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास. म्हणजे शहरातल्या वीस माणसांमागे एक माणूस त्या दुपारी मैदानात बसलेला. आजही एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, एका मोसमात ऐंशी लाखांहून अधिक तिकिटे फाटतात. सामन्यामागे सरासरी प्रेक्षक सदतीस-अडतीस हजार. रग्बी लीगच्या एनआरएलची सरासरी वीस हजारांच्या घरात. हा फरक का, याची पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची उत्तरे निरनिराळी आहेत.

मला पटणारे पहिले कारण खेळाबाहेरचे आहे. १८५६ मध्ये मेलबर्नच्या गवंड्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला. शनिवारची दुपार मोकळी होत गेली आणि ती घालवायला सपाट शहर, जवळ ट्राम, आणि उपनगरागणिक एक क्रिकेटचे मैदान. हिवाळ्यात ही मैदाने रिकामीच असत. क्रिकेटवाल्यांनी आधी गवत खराब होईल म्हणून कुरकुर केली. मग तिकिटाचा पैसा दिसला. १८८६ मध्ये साउथ मेलबर्न आणि जिलाँग यांच्या सामन्याला चौतीस हजार लोक आले होते. जगात त्या काळी इतकी गर्दी फार थोड्या खेळांना जमत होती. त्यात बायकाही लक्षणीय असत, हे त्या वेळच्या पाहुण्या वार्ताहरांनी आश्चर्याने नोंदवले आहे. सिडनी म्हणजे टेकड्या, खाड्या आणि लांबलचक उपनगरे. शिवाय तिथे हिवाळाही असा, की शनिवारी समुद्रावर जाता येते.

दुसरे कारण मैदानाच्या आकाराचे. अंडाकृती मैदान मोठे, त्याभोवती माणसे जास्त मावतात. खेळ चहूबाजूंनी चालतो. चेंडूपासून शंभर मीटरवर कोण मोकळा सुटला आहे हे दूरदर्शनच्या चौकटीत दिसत नाही, गॅलरीतून दिसते. रग्बी लीगचे नेमके उलट. चेंडू हातात, समोर भिंत, सहा वेळा धडक मारायची आणि मग चेंडू द्यायचा. सगळे काही चौकटीत बसते. दिवाणखान्यात पाहायला इतका सोयीचा दुसरा फुटबॉल नाही. म्हणून एएफएलची मंडळी मैदानातली डोकी मोजतात आणि एनआरएलची मंडळी पडद्यासमोरची. दोघेही आपापल्या परीने खरे सांगतात आणि दोघेही दुसऱ्याचा तराजू खोटा ठरवतात.

पैशाच्या बाबतीत मात्र एक बारकावा आहे, जो मला मेलबर्नमध्ये जाहिरात क्षेत्रातल्या एका मित्राने समजावला. ऑस्ट्रेलियन रूल्सचा सामना चार डावांचा, अडीच तास सहज घेतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणला जातो. तेवढ्यात एक जाहिरात बसते. एका सामन्यात असे पंचवीस-तीस गोल होतात. लीगची ऐंशी मिनिटे जवळपास सलग पळतात. म्हणजे प्रेक्षक समसमान धरले तरी विकायला वेळ एएफएलकडे जास्त. २०२५ ते २०३१ या सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी एएफएलला ४५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. या पैशातूनच मग दुसऱ्याच्या मुलखात संघ वसवले जातात.

दुसऱ्याच्या मुलखात जाण्याची पहिली मोठी खेळी १९८२ ची. साउथ मेलबर्न हा कर्जात बुडालेला जुना क्लब. त्याला उचलून सिडनीला नेले. त्या काळी मेलबर्नमध्ये रविवारी मोठे सामने भरवण्यावर बंधने होती. सिडनीत भरवायचा आणि त्याचे थेट प्रक्षेपण मेलबर्नच्या घरांत दाखवायचे, हाही हिशोब त्यात होता. समर्थकांनी मोर्चे काढले, क्लब साउथलाच राहू द्या म्हणून घोषणा दिल्या. क्लब गेला. सिडनी स्वान्स असे त्याचे नाव झाले. पुढची दहा-बारा वर्षे रिकाम्या बाकांची होती. १९९३ मध्ये तळाला गेलेल्या या संघाला सावरायला कोणाला बोलावले? रॉन बरासींना. ज्या माणसाच्या नावाने रेषा ओढली तोच रेषा ओलांडून गेला. १९९६ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, २००५ मध्ये विजेता ठरला. त्याआधीचे विजेतेपद १९३३ चे, साउथ मेलबर्नच्या नावावरचे. बहात्तर वर्षांनी चषक आला तेव्हा तो मेलबर्नमधल्या जुन्या अल्बर्ट पार्क तळ्याकाठीही नेण्यात आला. रडणारी म्हातारी माणसे त्या दिवशीच्या छायाचित्रांत आहेत. त्यांचे रडणे कोणत्या प्रकारचे होते हे मला ठरवता येत नाही.

फिट्झरॉयची गोष्ट याहून करुण. १८८३ चा क्लब, मेलबर्नच्या कामगार वस्तीचा. पैसा संपला, मैदान गेले, १९९६ च्या १ सप्टेंबरला पर्थमध्ये शेवटचा सामना खेळून तो संपला आणि त्याचा सिंह ब्रिस्बेनच्या संघाच्या छातीवर गेला. ब्रिस्बेन लायन्सने २००१, २००२, २००३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवली. माझ्या कार्यालयात एक वयस्क गृहस्थ होते, फिट्झरॉयचे. त्यांचा भाऊ ब्रिस्बेनचे सामने पाहू लागला, यांनी मात्र फुटी पाहणेच सोडले. दोघा भावांत शनिवारी दुपारी बोलणे होत नसे. शेजारच्या फुट्सक्रेवर १९८९ मध्ये हीच वेळ आली होती. तिथल्या लोकांनी दारोदार डबे फिरवून पैसे जमवले आणि क्लब वाचवला. दोन वस्त्यांच्या नशिबातला फरक कर्तबगारीचा होता असे मला वाटत नाही. फुट्सक्रेची घंटा आधी वाजली, एवढेच.

पश्चिमेत आणि दक्षिणेत एएफएलला विरोधी खेळाची भीती नव्हती. पर्थ, अ‍ॅडलेड ही तिचीच शहरे होती, फक्त त्यांच्या स्वतंत्र लीग होत्या. १९८७ मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेनचा संघ आला, १९९१ मध्ये अ‍ॅडलेड. नव्या संघांनी भरलेल्या प्रवेशशुल्कावर मेलबर्नचे आजारी क्लब तगले. १९९० मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने आपले नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे केले. एका राज्याची संस्था अशा रीतीने देशाची झाली.

रग्बी लीगचा विस्तार इतका सुरळीत झाला नाही. १९९५ मध्ये तिची स्पर्धा वीस संघांपर्यंत वाढवण्यात आली; पर्थ, ऑकलंड, टाउन्सव्हिल सगळीकडे संघ. आणि त्याच वर्षी तिच्या घरात आग लागली. केबल दूरदर्शन येऊ घातले होते. रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीला लीगचे सामने हवे होते, हक्क केरी पॅकर यांच्याकडे होते. हे तेच पॅकर, ज्यांनी रंगीत कपडे आणि रात्रीचे दिवे आणून क्रिकेट उलथवले. (त्या वेळी क्रिकेटची मैदाने त्यांना नाकारली गेली म्हणून ते मेलबर्नच्या एका फुटबॉल मैदानात गेले आणि बाहेर तयार केलेली खेळपट्टी तिथे आणून बसवली. आज एमसीजीवर जी बसवायची खेळपट्टी असते तिचे मूळ हे.) आता पॅकर प्रस्थापितांच्या बाजूला होते. मरडॉकच्या माणसांनी हॉटेलांच्या खोल्यांत खेळाडूंना बोलावून धनादेश ठेवले, रातोरात करार झाले. मग खटले. १९९७ मध्ये एकाच खेळाच्या दोन स्पर्धा समांतर चालल्या आणि दोन्हीकडची बाके ओस पडली. त्या वर्षी एएफएलवाल्यांनी पेढे वाटले असतील.

१९९८ मध्ये समेट होऊन एनआरएल जन्मली, पण करारात संघ चौदा करण्याची अट होती. कोणी जायचे? पैशाचे निकष लावले गेले. त्यात साउथ सिडनी बाद झाला, १९०८ ची पहिली स्पर्धा जिंकणारा, रेडफर्नच्या कामगारांचा आणि आदिवासी वस्तीचा लाडका क्लब. हजारो लोक लाल-हिरवे कपडे घालून सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. क्लब कोर्टात गेला. २००१ मध्ये अपिलात जिंकला आणि २००२ मध्ये स्पर्धेत परतला. कायद्याचा शेवट मात्र गमतीदार आहे : २००३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल उलटवला आणि वगळणे बेकायदा नव्हते असे म्हटले. तोवर क्लब मैदानात खेळत होता आणि त्याला पुन्हा काढण्याची छाती कोणाचीच नव्हती. वस्तीची गर्दी न्यायालयाच्या निकालापेक्षा वजनदार ठरल्याचे हे उदाहरण आहे. उलट उत्तर सिडनीचा नॉर्थ सिडनी बेअर्स, तोही १९०८ चा, १९९९ नंतर वरच्या स्पर्धेतून गेला. त्याच्यासाठी तेवढी गर्दी उतरली नाही. आता २०२७ पासून हे अस्वल ‘पर्थ बेअर्स’ म्हणून परतणार आहे, लाल-काळ्या रंगांसकट, घरापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर. साउथ मेलबर्न पूर्वेला गेले, नॉर्थ सिडनी पश्चिमेला निघाले. विस्ताराचा खर्च दोन्ही खेळांनी जुन्या उपनगरांच्या खात्यावरच टाकला आहे.

सॉकरची कथा निराळी, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना जवळची. महायुद्धानंतर युरोपातून जे लोक आले त्यांनी हा खेळ उचलला. ग्रीकांचा साउथ मेलबर्न हेलास, क्रोएशियनांचा सिडनी क्रोएशिया, इटालियनांचा मार्कोनी, हंगेरियनांचा सेंट जॉर्ज बुडापेस्ट. आपल्या महाराष्ट्र मंडळाने स्वतःचा संघ, स्वतःचे मैदान आणि रविवारच्या जेवणाचा हॉल काढावा, तसे हे क्लब. गोरे ऑस्ट्रेलियन या खेळाला तुच्छतेने ‘वॉगबॉल’ म्हणत. १९७४ च्या विश्वचषक संघातले जॉनी वॉरन यांनी आपल्या आत्मचरित्राच्या शीर्षकातच सॉकर खेळणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या तीन शिव्या एकापुढे एक मांडल्या. विशेष म्हणजे सगळ्या फुटबॉलमध्ये देशव्यापी लीग सर्वांत आधी सॉकरनेच काढली, १९७७ मध्ये.

पण मुख्य प्रवाहातली गर्दी हवी तर परक्या नावांचे क्लब चालणार नाहीत, असे संघटनेच्या मनाने घेतले. १९९० च्या दशकात नावे बदलायला लावली. सिडनी क्रोएशियाचा सिडनी युनायटेड झाला. २००४ मध्ये ती लीगच बंद करून २००५ पासून ए-लीग सुरू केली, बहुतेक शहरांना एकच संघ, नवी कोरी नावे. २००० साली ब्राझीलच्या माराकाना मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी खेळलेला साउथ मेलबर्न क्लब दुसऱ्या पायरीवर ढकलला गेला. त्याच वर्षी, २००५ च्या १६ नोव्हेंबरला, जॉन अलोइसीच्या पेनल्टीने उरुग्वेला हरवून देश विश्वचषकाला गेला आणि नव्या व्यवस्थेचे कौतुक झाले. नव्यातल्या चांगल्याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांनी पन्नास वर्षे शिव्या खाऊन खेळ जगवला, त्यांनाच खेळाची अडचण ठरवणे मला आजही खटकते. गर्दी त्यांचीही होती. ती फक्त वेगळ्या भाषेत ओरडत होती.

सॉकरने २०२२ चा विश्वचषक मागितला तेव्हा बाकीच्यांची भीती उघडी पडली. विश्वचषक म्हणजे ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे मोठी मैदाने रिकामी करून द्यायची. एएफएलने आणि एनआरएलने कुरकुर केली, मैदानांवरून महिनोन्‌महिने खेचाखेच झाली. सरकारचे सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पदरात एकच मत पडले. २०२३ मध्ये मात्र महिलांचा विश्वचषक आला, आणि इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना सरासरी सत्तर लाखांहून अधिक लोकांनी दूरदर्शनवर पाहिला. पुरुषांच्या चार फुटबॉलनी दीड शतक केलेल्या हाणामारीत हा आकडा कोणाच्या हिशोबातच नव्हता.

त्या दीड शतकातला सर्वांत खर्चिक डाव एएफएलने माझ्या सिडनीतल्या घराजवळ टाकला. पश्चिम सिडनी म्हणजे वीस लाखांहून मोठी वस्ती, लेबनीज, व्हिएतनामी, पॅसिफिक बेटांवरचे लोक, आणि हॅरिस पार्कच्या रस्त्यांवर आपले. २०१२ मध्ये तिथे ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स हा संघ शून्यातून उभा केला. वर्षभर आधी क्वीन्सलँडच्या गोल्ड कोस्टला सन्स. लोकांचे लक्ष वेधायला रग्बी लीगचे दोन तारे, कार्माइकल हंट आणि इझ्राएल फोलाऊ, भरपूर पैसे देऊन पळवले. फोलाऊला खेळ जमला नाही. एका मोसमात तो निघून रग्बी युनियनमध्ये गेला. जायंट्स खेळतात चांगले, २०१९ ला अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण बाके भरता भरत नाहीत. २०१२ मध्येच सुरू झालेल्या सॉकरच्या वेस्टर्न सिडनी वाँडरर्सने मात्र दोन वर्षांत आशियाई चषक जिंकला आणि स्थानिक पोरांना गाणी दिली.

आमच्या इमारतीतल्या मराठी घरांत यावर एकमत नाही. शाळेतून मुले एएफएलचे फुकट चेंडू आणि टोप्या घेऊन येतात, शनिवारी सॉकर खेळतात आणि सोमवारी वर्गात बोलण्यासाठी पॅरामॅटा ईल्सचा निकाल पाठ करतात. आईबापांना क्रिकेट हवे असते. मुलाने कोणती फुटी धरली यावरून ते कोणत्या ऑस्ट्रेलियाचे होणार हे ठरते, आणि हे मुलांना आईबापांच्या आधी कळते.

रग्बी युनियनबद्दल थोडक्यातच सांगावे लागेल. १९९१ आणि १९९९ चे विश्वविजेते, २००० मध्ये सिडनीत न्यूझीलंडविरुद्ध १,०९,८७४ प्रेक्षक जमवणारे. पण स्थानिक स्पर्धा कधी लोकांची झाली नाही. २०१७ मध्ये पर्थचा संघ वगळला, २०२४ मध्ये मेलबर्नचा बंद झाला.

बरासी रेषा पुसली गेली का? २०२५ मध्ये एएफएलचे विजेतेपद ब्रिस्बेन लायन्सने मिळवले आणि आठवड्याभरात एनआरएलचे ब्रिस्बेन ब्राँकोजने. म्हणजे दोन्ही चषक लीगच्या शहरात, आणि ब्राँकोजने हरवले ते मेलबर्न स्टॉर्मला, रेषेच्या पलीकडच्या रग्बी संघाला. टर्नर असते तर त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली असती. पण गल्लीतल्या पोरांच्या हातात कोणता चेंडू आहे हे पाहिले, तर ऑल्बरीच्या उत्तरेला काही तास गाडी हाकल्यावर तो अजूनही बदलतो.

आता पुढचे डाव देशाच्या कडेवर आणि कडेबाहेर आहेत. २०२८ मध्ये टास्मानियाचा संघ एएफएलमध्ये यायचा आहे. दीडशे वर्षे हा खेळ खेळणाऱ्या बेटाला स्वतःचा संघ मिळायला इतका वेळ लागला, आणि मिळाला तो होबार्टमध्ये छप्पर असलेले नवे स्टेडियम बांधण्याच्या अटीवर. दवाखान्यांना आणि घरांना पैसा नसताना स्टेडियम कशाला, या प्रश्नाने तिथले सरकार हलवले. २०२३ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या दोन आमदारांनी यावरूनही पक्ष सोडला. त्याच २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ एनआरएलमध्ये येतो आहे. रग्बी लीग हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळच आहे, तेव्हा गर्दीची चिंता नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देऊ केले आहेत, आणि हा पैसा चीनला पॅसिफिकमध्ये पाय रोवू न देण्यासाठी आहे हे वर्तमानपत्रांनी उघडपणे लिहिले आहे. १९०७ मध्ये एका माणसाच्या खांद्याच्या भरपाईवरून निघालेली लीग आता परराष्ट्र खात्याच्या अंदाजपत्रकात बसली आहे. पोर्ट मोर्सबीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियन खेळाडू राहायला तयार होतील का, यावर बोलणी झाली.